सहाशे किलोमीटर आणि एक पक्कड

(१९९६च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सायकलीवर बोल. वीस मिनिटं. जरा प्रेरणादायी होऊ दे." वीस मिनिटांचं जमेल. प्रेरणेची खात्री देत नाही, कारण जी गोष्ट सांगणार आहे तिच्यात मी गाडीत बसून घरी परत आले आणि सायकल मागे डिकीत होती.

आधी ओळख करून देते, कारण सकाळपासून चौघांनी मला दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने हाक मारली आहे. मी ब तुकडीतली, खिडकीकडची रांग, तिसरा बाक. इंजिनिअरिंगची डिग्री घेतली, गेली २३ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, सध्या ऑफिस हिंजवडीला. राहायला अजून निगडी प्राधिकरणातच, बाबांच्या घराच्या वरच्या मजल्यावर. मुलगी यंदा बारावीला. आणि शाळेत मला खेळातलं एखादं बक्षीस मिळाल्याचं कुणाला आठवत असेल, तर ती आठवण चुकीची आहे. पीटीच्या तासाला बाईंच्या वह्या स्टाफरूममध्ये नेऊन ठेवायच्या कामात मी स्वतःहून पुढे असायचे.

सायकल मात्र आपल्या सगळ्यांकडे होती. शाळेचं सायकल स्टँड आठवा. एक पडली की पूर्ण रांग पडायची आणि घंटा होऊन गेल्यावरही आपण हँडलात अडकलेली हँडलं सोडवत बसायचो. आपल्या गावात तेव्हा सायकल हे वाहन होतं, छंद नव्हता. पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी आकुर्डी-चिंचवडच्या रस्त्यावर मागे डबे लावलेल्या सायकलींची रांग असायची. त्या रांगेत माझे बाबाही असायचे. ते एका कारखान्यात टूलरूमला होते, ३४ वर्षं. त्यांच्याबद्दल पुढे बोलणारच आहे.

मी ज्याची तयारी करते आहे त्याला ब्रेव्हे म्हणतात, बीआरएमही म्हणतात. ही पद्धत फ्रान्समधली. तिचे नियम पॅरिसचा एक जुना क्लब ठरवतो, आणि आपल्याकडे ऑडॅक्स इंडिया या संस्थेच्या छत्राखाली गावोगावचे क्लब ती भरवतात. पुण्यात वर्षभर चालू असतात. अंतरं आणि वेळा ठरलेल्या आहेत: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. नोव्हेंबर ते ऑक्टोबर हा एक हंगाम. एका हंगामात ही चारही अंतरं पूर्ण केली की 'सुपर रँदोनर' हे नाव मिळतं. पैसे मिळत नाहीत. पहिला-दुसरा क्रमांकही नाही. ३० तासांत आलेला आणि ३९ तास ५५ मिनिटांनी आलेला, दोघंही एकाच यादीत. यातलं सगळ्यात मोठं पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, १२०० किलोमीटर. ते १८९१ साली सुरू झालं आणि आता दर चार वर्षांनी होतं. २०१९ आणि २०२३ साली आपल्या देशातून शेकडो लोक तिकडे गेले होते. मी नव्हते.

खरा नियम पुढेच आहे. मदतीची गाडी मागे ठेवायची नाही. टायर फाटला, साखळी तुटली, झोप आली, भूक लागली, तर आपलं आपण बघायचं. घरच्या माणसांना काही द्यायचंच असेल तर ते फक्त ठरलेल्या तपासणीच्या ठिकाणी, ज्याला कंट्रोल म्हणतात तिथे. आपल्या शाळेत फळ्याशेजारी 'स्वावलंबन' लिहिलेलं असायचं, तेच हे, असं मला वाटलं होतं. त्या समजुतीची किंमत मी मोजली, तीही आता सांगते.

रस्ता असा: चिंचवडहून बाह्यवळणाने कात्रजचा नवा बोगदा, शिरवळ, खंबाटकी घाट, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, कागल, निपाणी, संकेश्वरच्या आसपास ३०० भरले की त्याच रस्त्याने परत. ज्यांनी अलीकडे कोल्हापूरची वारी केली आहे त्यांना माहीत आहे की सातारा ते कागल सहापदरीकरणाचं काम चालू आहे. तिथे डांबर संपतं, वळणरस्ता येतो, खडी येते, मुरूम येतो, मग पुन्हा डांबर. गाडीत बसून आपण चिडतो. सायकलवर रात्री दोन वाजता चिडायलाही जोर उरत नाही. म्हणून मी रस्त्याची बारीक टायरची सायकल सोडून ग्रॅव्हल सायकल घेतली: ४० मिलिमीटर रुंद टायर, आत ट्यूब नाही, बारीक छिद्र आपोआप बुजवणारं द्रव असतं.

या कच्च्या रस्त्यांवरच्या, कुणाच्या मदतीशिवाय करायच्या लांब स्पर्धांची सध्या जगभर लाट आहे. कॅनडातल्या बॅन्फपासून खाली मेक्सिकोच्या सीमेपर्यंत टूर डिव्हाइड होते, सुमारे ४,४०० किलोमीटर. किर्गिझस्तानच्या डोंगरात २०१८पासून सिल्क रोड माउंटन रेस होते. मात्र आपल्याकडच्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यातले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा, इराण आणि इराक-सीरियाचं वाळवंट ओलांडत, अमेरिका-जपान करून १९२८च्या मार्चमध्ये सुमारे ७१,००० किलोमीटर करून परत आले. त्यांना सगळीकडे ग्रॅव्हलच होतं, फक्त दुकानात त्या नावाची सायकल मिळत नव्हती. आणि पुण्याची वेदांगी कुलकर्णी, अवघी २० वर्षांची, २०१८ साली १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर करून आली. स्पेनमध्ये तिला चाकू दाखवून लुटलं, तरी ती पुढे गेली. ते पेपरात वाचलं तेव्हा मी ३८ वर्षांची होते आणि माझी सायकल बाल्कनीत ओले टॉवेल वाळत घालायच्या कामी होती. दुसऱ्या दिवशी टॉवेल काढले. बस, सुरुवात एवढीच आहे.

आता ती हरल्याची गोष्ट. डिसेंबर २०२३, माझी पहिली ६००. शनिवारी पहाटे ५ वाजता चिंचवडहून निघाले. जाताना सगळं हिशेबाप्रमाणे झालं. रात्री १० वाजता ३०० किलोमीटरला वळले, म्हणजे मर्यादेपेक्षा तीन तास आधी. निपाणीत एका लॉजवर दीड तास झोपले. कोल्हापूर मागे पडलं, किणीचा टोलनाका गेला. साडेचारच्या सुमाराला पेठ नाक्याच्या अलीकडे एका वळणरस्त्यावर, फोडलेल्या खडीवर, मागचा टायर बाजूने कापला गेला. नखाएवढी चीर. द्रव फसफसून बाहेर आलं आणि थांबलं नाही.

यावर उपाय ठरलेला आहे. आतला व्हॉल्व्ह काढायचा, चिरेच्या आतून तुकडा लावायचा, साधी ट्यूब घालायची आणि पुढे जायचं. अर्ध्या तासाचं काम. ट्यूब माझ्याकडे होती, पंप होता, सगळं होतं. व्हॉल्व्हला रिमच्या आतल्या अंगाला एक बोटभर आकाराची नट असते, ती सुटेना. बोटं थंडीने बधिर झालेली. रुमाल गुंडाळून फिरवली, दातांनी प्रयत्न केला, हसू नका, खरंच केला. मी इंजिनिअर आहे. माझ्या ऑफिसात माझ्या सहीशिवाय काही गोष्टी पुढे जात नाहीत. आणि मी एका नटेपुढे हायवेच्या कडेला मांडी घालून बसले होते.

समोर शंभर पावलांवर एक ढाबा होता. बंद होता, पण अंगणात आठ-दहा ट्रक उभे होते. प्रत्येक ट्रकमध्ये पान्यांची पेटी असते हे मला ठाऊक होतं. मी गेले नाही. भीती होती, हे खरं. पहाटे साडेचार वाजता बाईमाणसाने ट्रकची केबिन ठोठवायची म्हणजे काय ते इथल्या बायकांना सांगायला नको. पण सगळं भीतीवर ढकलणं बरोबर नाही. पावणेसातला उजाडलं. ड्रायव्हर खाली उतरून दात घासायला लागले. एक जण माझ्याकडे बघून "काय झालं ताई?" असं म्हणालाही. मी म्हटलं, "काही नाही, आराम करतेय." नियम आहे ना, कुणाची मदत घ्यायची नाही! तेव्हा माझ्या हातात सव्वाचौदा तास होते आणि राहिले होते २१५ किलोमीटर. जमण्यासारखं होतं. मी नवऱ्याला फोन केला. तो अकरा वाजता गाडी घेऊन पोचला, थर्मासमधला चहा दिला आणि कऱ्हाडपर्यंत काही बोलला नाही. त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "काय सुटलं नाही?"

"व्हॉल्व्हची नट."

"आवळली कुणी होती?"

"मीच. आदल्या रात्री. हवा जाईल या भीतीने पकडीने आवळली."

"मग पक्कड कुठे होती?"

"घरी. वजन कमी करायला पिशवीतून काढली होती."

बाबा हसले नाहीत. म्हणाले, "हाताने आवळलेलं हाताने सुटतं. पान्याने आवळलेलं पान्यानेच सुटतं. आमच्याकडे पोराला हे पहिल्या दिवशी सांगायचे."

त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी सायकल उतरवली नाही. कामं होती, हेही खरं. बाबांना २०२१ साली पार्किन्सनचं निदान झालं होतं, आणि या वर्षात हातांचा कंप वाढला. ज्या माणसाने मायक्रोमीटर लावून केसाच्या जाडीचा फरक पकडला, त्याला शर्टाची बटणं लावायला वीस-पंचवीस मिनिटं लागायला लागली. मदत केलेली चालायची नाही. मी दारात उभी राहिले की म्हणायचे, "उभी राहू नकोस, दार ओढून घे." दाराबाहेर उभं राहून ती वीस मिनिटं ऐकणं फार कठीण असतं. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी आई-वडील म्हातारे आहेत त्यांना कळेल.

२०२४च्या दिवाळीत एक दिवस आतून हाक आली. गेले. म्हणाले, "वरचं एक लाव. मानेपाशी दिसत नाही. बाकीची मी लावतो." मी एक लावलं आणि बाहेर आले. बाकीची त्यांनी लावली. मी जिन्यात थोडा वेळ बसून राहिले. मला तो ढाब्यासमोरचा दात घासणारा ड्रायव्हर आठवत होता.

त्या आठवड्यात सायकल खाली आणली.

तयारीबद्दल लोक विचारतात तेव्हा त्यांना वाटतं मी किलोमीटर सांगेन. किलोमीटर होतच असतात. पहाटे पावणेपाचला उठून निगडीहून देहूरोड, सोमाटणे, तळेगाव आणि परत, आठवड्यातून तीनदा. शनिवारी लांब पल्ला. ते कंटाळवाणं आहे, त्यावर वेळ घालवत नाही. माझी खरी तयारी गॅरेजमध्ये झाली. बाबा खुर्चीवर, मी फरशीवर. त्यांना माहीत होतं पण हात चालत नव्हते. माझे हात चालत होते आणि मला काही माहीत नव्हतं. ते सांगायचे, मी करायचे. चाक काढ, टायर उतरव, ट्यूब घाल, चाक बसव. पहिल्यांदा ३८ मिनिटं लागली. मग त्यांनी दिवा बंद करायला लावला. "रस्त्यावर ट्यूबलाइट असते का?" मग हात बर्फाच्या पाण्यात बुडवून. आता अंधारात ११ मिनिटांत होतं.

टूलरूममध्ये कामगाराला हत्यार हवं असलं की तो आपल्या नंबरचा पितळी बिल्ला द्यायचा. हत्याराच्या जागी तो बिल्ला टांगला जायचा. कुठलं हत्यार कुणाकडे आहे ते भिंत बघितली की कळायचं. बाबांनी माझ्या पिशव्यांना तोच नियम लावला. प्रत्येक वस्तूची एकच जागा. "जागेवर नाही म्हणजे नाहीच आहे असं समज." आता मी डोळे मिटून सांगू शकते: सीटखालची पिशवी, डावीकडे पक्कड, उजवीकडे साखळीची जोडकडी, मध्ये दोन ट्यूब. ऑफिसात आम्ही यालाच मोठमोठी नावं देतो आणि त्यावर प्रशिक्षणवर्ग घेतो.

टायरची चीर कशी बुजवायची हे मात्र बाबांनाही नीट माहीत नव्हतं. ते मी तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या एका पंक्चरवाल्याकडे शिकले. कंटेनरच्या टायरांच्या ढिगात बसलेला माणूस. माझी सायकल बघून म्हणाला, "हे तर खेळणं आहे." पण चार रविवार बसू दिलं. जुन्या टायरचा तुकडा कापायचा, कडा घासून पातळ करायच्या, चिरेवर आतून बसवायचा. त्याला गेटर म्हणतात. ट्रकलाही तोच, माझ्या खेळण्यालाही तोच. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र माझ्याकडून. आता माझ्या पिशवीत त्याने कापून दिलेले दोन गेटर असतात.

कच्च्या रस्त्याचा सराव आपल्या दारात आहे, फक्त लवकर निघावं लागतं. सातनंतर चाकणच्या तळेगाव चौकात कंपन्यांच्या बस, कंटेनर आणि कांद्याचे टेम्पो एकमेकांत अडकतात, सायकललाही वाट राहत नाही. साडेपाचला चौक ओलांडला की आंबेठाण, करंजविहिरे करत भामा-आसखेड धरणाकडे जायचं. धरणाच्या कडेकडेने, वाड्या-वस्त्यांमधून पाणंदी आणि मुरमाचे रस्ते आहेत. दुसरी बाजू तळेगावहून नवलाख उंबरे, तिथून आंद्रा धरणाकडे. एका वळणापर्यंत कारखान्यांच्या शेड, वळण संपलं की भातखाचरं. तिथे मी शिकले की टायरमध्ये हवा कमी ठेवली तर खडीवर चाक उसळत नाही, की उतारावर पुढचा ब्रेक दाबला की तोंडावर पडायला होतं (हनुवटीवरची ही खूण त्याची), की जुलैमध्ये तांबडा चिखल चाकात असा भरतो की सायकल उचलून न्यावी लागते, आणि गुडघाभर चिखलातल्या आजी भात लावता लावता विचारतात, "पोरी, गाडी नाही का घरी?"

इतिहासाच्या बाई समोर बसल्या आहेत म्हणून सांगते. चाकणच्या संग्रामदुर्गाच्या तटाशी मी दर रविवारी पाणी प्यायला थांबते. बाई, तुम्ही फिरंगोजी नरसाळा शिकवलात तेव्हा तो किल्ला मला प्रचंड वाटला होता. केवढा छोटा आहे तो! १६६० साली शाइस्तेखानाच्या फौजेसमोर पन्नासहून अधिक दिवस तो याच भुईकोटात टिकला, बाहेरून कुमक न येता. हिशेब मांडून बसायची सवय असल्यामुळे मला पहिला प्रश्न पडतो तो दाणागोट्याचा.

माझा दाणागोटा साधा आहे. राजगिऱ्याचे लाडू, गूळपोळी, शेंगदाण्याची चिक्की, मिठाचं-साखरेचं पाणी. बाजारात मिळणारी ती जेलची पाकिटं मला १५० किलोमीटरनंतर नकोशी होतात. दर ४५ मिनिटांनी काहीतरी खायचं, भूक असो वा नसो. सकाळी सातारच्या पुढे पोहे, दुपारी भाकरी-पिठलं मिळालं तर उत्तम. मिसळ नाही. हा नियम मी एकदा मोडला, त्याची कथा जेवणानंतर खासगीत सांगेन.

मैत्रिणींनी सकाळपासून जे कानात विचारलं ते जाहीरपणे सांगते, कारण ते विचारायचं राहून जातं. शौचालय: चालू आणि कुलूप नसलेली शौचालयं असलेले पेट्रोल पंप मी गाडीने जाऊन तपासले, दोन्ही बाजूंचे, आणि यादी हँडलवरच्या पिशवीत आहे. काही ठिकाणी किल्ली मालकाकडे असते आणि मालक जेवायला गेलेला असतो. त्यावर खूण केली आहे. पाळी: पंचेचाळिशीनंतर तिचा भरवसा राहत नाही, म्हणून सामान कायम बरोबर. हिमोग्लोबिन दोन वर्षांपूर्वी ९.४ होतं, डॉक्टरांनी आधी ते वाढवायला लावलं, मग सायकल. आणि रात्र: ब्रेव्हेमध्ये एकत्र चालवायला बंदी नाही. अंधार पडला की मी कुणाचा तरी मागचा लाल दिवा दिसेल एवढ्या अंतरात राहते. पुढे-मागे दिवे आणि चमकणारं जाकीट तर नियमातच आहे. नवले पुलाच्या उतारावर मात्र दिवसाही मी देवाचं नाव घेते.

घराची तयारी वेगळीच. बाबांची गोळी दिवसातून पाच वेळा, आणि वेळ चुकवून चालत नाही. चुकली की अंग आखडतं. शनिवारी पहाटे ५ ते रविवारी रात्री ९, या चाळीस तासांत नऊ वेळा गोळी येते. ती कुणी द्यायची, जेवणाआधी किती वेळ, पडले तर कुणाला फोन, संडासच्या दाराची कडी आतून लावू द्यायची नाही, असं सगळं मी दोन पानांवर लिहून फ्रिजला लावलं आहे. नऊपैकी चार नवरा, तीन मुलगी, दोन दिवसाच्या मावशी. मुलीची बारावी आहे, तरी तिने तीन मागून घेतल्या. कुणाच्याही मदतीशिवाय मी सायकल चालवते असं मी लोकांना सांगते तेव्हा हे तिघं माझ्याकडे बघत असतात.

बाबांना पहिल्यांदा हा कागद दाखवला तेव्हा ते रागावले. "मी काय कारखाना आहे का, पाळ्या लावायला?" दुसऱ्या दिवशी चष्मा लावून वाचला आणि एक चूक काढली. शनिवारी दुपारी २ची गोळी मी दोघांच्या नावावर लिहिली होती.

यंदाच्या हंगामात नोव्हेंबरला २००, डिसेंबरला ३००, जानेवारीत ४०० झाली. आधी एकदा संयोजकांना स्पष्टच विचारलं: वाटेत अनोळखी माणसाकडून पक्कड मागितली तर चालतं का? ते म्हणाले, "अहो ताई, चालतं म्हणजे काय? रस्त्यावर जे कुणालाही मिळू शकतं ते तुम्हालाही मिळू शकतं. फक्त स्वतःची माणसं मागे लावून आणायची नाहीत." दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं तर!

म्हणून ४००च्या वेळी शिरवळच्या पुढे, रात्री साडेनऊला, मी मुद्दाम एका ट्रकवाल्याकडे पक्कड मागितली. गरज नव्हती, माझी माझ्या पिशवीत होती, डावीकडे. पण टायर बदलायचा सराव केला तसा मागायचाही करायला हवा होता. माझा आवाज चिरकला. त्याने पेटी उघडून एक सोडून तीन पकडी पुढे केल्या. नांदेडचा होता. मी खोटं खोटं काहीतरी पिळल्यासारखं केलं, परत दिली. त्याने विचारलं, कुठून कुठे? मी सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "पगार किती देतात याचा?"

६०० राहिली आहे. पुढच्या महिन्यात एका शनिवारी पहाटे निघायचं आहे. पूर्ण होईल की नाही, सांगता येत नाही. ४००ला उजवा गुडघा २५० किलोमीटरनंतर दुखायला लागला होता, आणि खंबाटकीनंतर मला झोप आवरत नाही हे अजून सुटलेलं नाही. बाबा रोज संध्याकाळी विचारतात, गुडघ्याचं नाही, नटेचं: "हाताने आवळलीस ना?"

आपल्या तुकडीतले तिघं कोल्हापुरात आहेत आणि दोघं कऱ्हाडला, असं आज कळलं. सकाळपासून ते म्हणताहेत, आम्ही रस्त्यात येतो, गाडी मागे ठेवतो, रात्रीचं एकटीला सोडणार नाही. कृपा करून गाडी मागे ठेवू नका, मला बाद करतील. कोल्हापूरला कंट्रोल आहे, जाताना संध्याकाळी साडेसहा-सातच्या आसपास, येताना पहाटे तीनला. तिथे या, तिथे चालतं. थंडी असेल, स्वेटर घालून या. आणि कऱ्हाडकरांनो, तुम्ही एखाद्या चहाच्या टपरीवर योगायोगाने भेटलात तर माझा चहा मी घेईन, पैसेही माझे मीच देईन.